चौथ्या दिवसाची पाळी

परिपत्रकात ‘सलग’ हा शब्द दिसला की समजावं, कुणाचं तरी वाटोळं होणार आहे. नकाशेबाईंच्या परिपत्रकात तो तिसऱ्याच ओळीत होता. मोजणीदार म्हणून बढती हवी असेल तर माळावरचं दहा दिवसांचं शिबिर सलग पुरं करायचं. एक दिवस जरी खंड पडला तरी शिबिर बाद, आणि पुन्हा नंबर लागायला तीन वर्षं.

नकाशेबाई अकरा वर्षं मोजणीच्या कचेरीत नकाशे काढत होत्या, म्हणून त्या नकाशेबाई. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच सुखात होतं. पुरुषांनी बाहेर जाऊन, ऊन खाऊन, आकडे आणायचे आणि बाईंनी ते खिडकीशेजारच्या टेबलावर कागदावर उतरवायचे, अशी कामाची वाटणी होती. शंभरएक टेकड्यांच्या उंच्या त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्यातली एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. आपण काढलेली टेकडी एकदा तरी स्वतः मोजावी, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा तशी साधी, पण साध्या इच्छाच माणसाला गोत्यात आणतात.

साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. या शिबिराला आजवर बाईमाणूस गेलेलं नाही, तुम्ही पहिल्या, असं सांगून त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढे म्हणाले, “यापुढे बायकांना पाठवायचं की नाही, ते आम्ही तुमच्यावरूनच ठरवणार आहोत.” बाईंना आधी वाटलं हा मान आहे. जिना उतरताना लक्षात आलं की साहेबांनी समस्त स्त्रीजात आपल्या दोन गुडघ्यांवर ठेवली आहे, आणि डावा गुडघा आधीच दुखरा होता.

घरी येऊन त्यांनी कॅलेंडर काढलं. बोटं मोजली. पुन्हा मोजली. शिबिराचा चौथा दिवस. यात चुकीला जागा नव्हती. त्या घरात दूध उशिरा येई, नवरा उशिरा येई, नळाचं पाणी तर मनाला येईल तेव्हा येई. वेळेवर येणारी एकच गोष्ट होती, आणि ती नेमकी चौथ्या दिवशी माळावर येणार होती.

नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पुढे ढकलता येत नाही का?” हा गृहस्थ स्वयंपाकघरातला गळका नळ आठ महिने पुढे ढकलत आलेला होता, तेव्हा जगातली कुठलीही गळती पुढे ढकलता येते अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला, सुनेला जवळ बोलावलं आणि कुजबुजत सांगितलं की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मग तुमचा मुलगा कसा झाला, हा प्रश्न बाईंच्या अगदी ओठांवर आला होता, पण त्यांनी तो गिळला.

शेजारच्या काकू निवृत्त नर्स. त्यांना कळायला फारसा वेळ लागला नाही, कारण दोन घरांमधली भिंत नावापुरतीच होती. काकूंनी आधी गोळ्या सुचवल्या. डॉक्टरांनी बाईंच्या जुन्या डोकेदुखीचा इतिहास ऐकून गोळ्यांना साफ नकार दिला. मग काकूंनी विचार करून घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा आणून दिला, बिस्किटांचा, वर गुलाबाचं चित्र असलेला. कोरे पॅड वरच्या कप्प्यात, वापरलेले कागदात गुंडाळून खाली, आणि दहाव्या दिवशी डबा घेऊन मुकाट घरी ये, असं त्यांनी बजावलं. “तिथं काही टाकायचं नाही, काही पुरायचं नाही. तुझं तुझ्याबरोबर,” काकू म्हणाल्या. एवढ्या साऱ्या सल्ल्यांमध्ये कामाचा असा हा एकच निघाला.

उरला प्रश्न आडोशाचा. शिबिरात झोपायच्या तंबूशिवाय एक लहानसा जादा तंबू मिळाला तर बाकीचं सगळं निभावून नेता येईल, असा हिशेब करून बाईंनी अर्ज केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथून सुरू झालं. पहिल्या अर्जात त्यांनी सभ्यपणे लिहिलं की शिबिराच्या चौथ्या दिवसापासून अडचण असल्याने स्वतंत्र लहान तंबू मिळावा. हेडक्लार्कने शेरा मारून अर्ज परत पाठवला: ‘अडचणीचे स्वरूप नमूद करावे.’

बाईंनी दोन दिवस धीर गोळा केला आणि स्वरूप नमूद केलं. ‘चौथ्या दिवसापासून माझी पाळी असल्याने’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. उत्तर आलं: ‘पाळ्या ठरवण्याचा अधिकार शिबिरप्रमुखांचा आहे. कर्मचाऱ्याने आपली पाळी परस्पर ठरवू नये. पाळी बदलून हवी असल्यास ती घेण्यास तयार असलेल्या सहकाऱ्याची लेखी संमती जोडावी.’

ती संमती कोण देईल, याचा बाईंनी क्षणभर विचारही केला. मग तिसरा अर्ज केला आणि शंकेला जागाच नको म्हणून ‘मासिक पाळी’ असं लिहून खाली रेघ ओढली. त्यावर शेरा आला: ‘मासिक पाळीपत्रक दर महिन्याच्या एक तारखेला फलकावर लावले जाते. तेथे पाहावे.’ हेडक्लार्कला खरंच कळत नव्हतं की तो वेड पांघरून पेडगावला निघाला होता, हे कचेरीत कुणालाच सांगता आलं नाही. त्याला तीन मुली होत्या. चौथा अर्ज करण्यात अर्थ नाही हे ठाऊक असूनही बाईंनी तो केला, आणि तो शिबिरप्रमुखांकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ रवाना झाल्याचं त्यांना कळलं. झालं ते चांगलंच झालं असं त्यांना वाटलं, यावरून त्यांच्या मनाची अवस्था लक्षात यावी.

माळ कशासाठी निवडला होता, तर तिथून चारी बाजूंना दहा किलोमीटर काहीही आड येत नाही म्हणून. झाड नाही, झुडूप नाही, नीट उभा राहील असा दगड नाही. मोजणीला यापेक्षा सुंदर जागा नाही, असं शिबिरप्रमुख म्हणाले. त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. चाळीस वर्षं मापं घेऊन त्यांच्या मिश्यासुद्धा दोन्ही बाजूंना सारख्या झाल्या होत्या. बाईंनी हळू आवाजात सोयीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी हात पसरून अख्खा माळ दाखवला आणि जागेला तोटा नाही असं सांगितलं. मग जरा विचार करून म्हणाले, दक्षिण दिशा आम्हा पुरुषांची, उत्तर दिशा तुमची. तर नकाशेबाईंना एक संपूर्ण दिशा मिळाली. तिला भिंत तेवढी नव्हती.

आणि दुर्बिणी होत्या. तिपाईवर चढवलेल्या तीन, पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाच्या शर्टाची गुंडी तुटली असेल तर तीही दाखवणाऱ्या. मिलिमीटर धरून सात पुरुष दिवसभर या दुर्बिणींना डोळे लावून बसणार, आणि तेही पगारी. एखादीची लाज काढायची असं ठरवून कुणी बसलं असतं, तरी याहून चोख बंदोबस्त जमला नसता.

पहिले तीन दिवस बाईंनी पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. पहाटे उजाडायच्या आत उत्तर दिशा गाठायची आणि मग सूर्य मावळेपर्यंत कळ काढायची. तिसऱ्या दिवशी त्यांना घेरी आली. स्वयंपाक्याने लिंबूपाणी आणून दिलं. ते पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तहान तर मरणाची लागली होती आणि प्यावं तर पुढचं संकट समोर उभं.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जे यायचं ते आलं. त्याच वेळी मिलिमीटर कागद हलवत प्रसन्न चेहऱ्याने बाईंच्या तंबूशी आले. तुमचा अर्ज पोचला बरं का, म्हणाले. चौथ्या दिवसापासून पाळी मागितली होती तुम्ही, मी सातव्या दिवसापर्यंत सकाळची आणि दुपारची अशा दोन्ही पाळ्या तुम्हाला लावल्या. इतकं काम मागून घेणारी माणसं आता राहिली नाहीत, असंही ते म्हणाले. बाईंनी कपाळाला हात लावला. मिलिमीटरना तो नमस्कार वाटला आणि त्यांनी उलट नमस्कार केला.

ही पाळी खूण क्रमांक नऊवर होती. खूण म्हणजे माळाच्या ऐन मध्यावर ठोकलेली एक खुंटी. तिच्यावर लालपांढऱ्या पट्ट्यांची काठी सरळ धरून उभं राहायचं, आणि टेकडीवरून चष्मेवाल्यांनी दुर्बिणीतून ती पाहून कोन टिपायचा. सकाळी ते पूर्वेच्या टेकडीवर असणार, दुपारी पश्चिमेच्या. चष्मेवाले म्हणजे निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले, जाड भिंगांचे, अतिशय गरीब स्वभावाचे गृहस्थ. बाईंबरोबर काठी, पाण्याची बाटली, उन्हासाठी खात्याची मोठी छत्री, तीही लालपांढऱ्याच पट्ट्यांची, आणि अर्थातच बिस्किटांचा डबा.

खुंटीपासून दीडशे पावलांवर त्यांना एक घळ सापडली. घळ कसली, गुडघाभर खोल खळगा. पण अकरा वर्षं नकाशे काढलेले डोळे होते. पूर्वेच्या टेकडीवरून पाहिलं तर खळग्याचा कुठला काठ आड येईल, छत्री किती कलती धरली तर उरलेलं झाकेल, हे त्यांनी तिथंच मनात मांडलं. दुपारी दुर्बीण पश्चिमेला गेली की खळग्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं. काठी दगडांच्या आधाराने खुंटीवर उभी करायची, छत्री आणि डबा घ्यायचा, काम उरकायचं, परत यायचं. नोकरीत शिकलेल्या विद्येचा स्वतःसाठी उपयोग त्यांनी पहिल्यांदाच केला आणि तो अचूक ठरला. पोटात कळा येत होत्या, कंबर मोडली होती, तरी परत येताना त्यांना स्वतःचा थोडासा अभिमान वाटला. तो त्या चार दिवसांतला शेवटचा.

कारण संध्याकाळी चहाच्या वेळी डब्याचं प्रकरण सुरू झालं. शिबिरातली बिस्किटं दुसऱ्याच दिवशी संपली होती. अशा वेळी एक बाई गुलाबाचं चित्र असलेला डबा सकाळी छातीशी धरून माळावर नेते, दिवसभर एकटीच काय ते करते, संध्याकाळी परत आणून मांडीशी घेऊन बसते आणि कुणाला एक बिस्किट म्हणून विचारत नाही, हे सगळ्यांनी टिपलं होतं. मोजणीचीच माणसं ती. पहिल्या दिवशी नुसत्या नजरा झाल्या. दुसऱ्या दिवशी एकाने वाटून खाण्याचं महत्त्व या विषयावर स्वयंपाक्याला उद्देशून भाष्य केलं. तिसऱ्या दिवशी मिलिमीटरनी शिबिरात एकोपा कसा राखावा यावर पाच मिनिटं भाषण दिलं आणि भाषणभर डब्याकडे पाहिलं. बाईंनी जन्मात कुणाला चहाशिवाय घरातून जाऊ दिलं नव्हतं. चिंगूस म्हणून घेण्यापेक्षा धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं, पण त्या माळावर धरणीसुद्धा इतकी टणक होती की तोही मार्ग नव्हता.

सातव्या दिवशी संध्याकाळी मिलिमीटरनी मोठा कागद पसरला, चार दिवसांचे कोन मांडले आणि पट्टी ठेवून रेघा ओढल्या. रेघा जुळेनात. पुन्हा ओढल्या. सकाळच्या रेघा एकीकडे आणि दुपारच्या दुसरीकडे, आणि खूण क्रमांक नऊ यांपैकी कुठेच नाही. शंभर मीटरांच्या वर चूक. या माणसाने आयुष्यात एका वितीची चूक खपवून घेतली नव्हती. ते इतके पांढरे पडले की स्वयंपाकी पाणी घेऊन धावला.

एकच खूण सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी, असं भूमितीत होत नाही, असं ते म्हणाले. चुकीचं कारण सापडलं नाही तर चार दिवसांचं काम फुकट, आणि काम फुकट म्हणजे शिबिर बाद, सगळ्यांचंच. सगळ्यांच्या माना चष्मेवाल्यांकडे वळल्या, कारण दुर्बिणीला डोळा त्यांचा होता. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“काठी बारीक, दिसत नाही मला आता,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “बाई छत्री धरून तिथंच उभ्या असतात, म्हणून ती माझ्याकडे कलून ठळक दिसली की मी तिच्यावरच कोन घेत होतो. पण छत्री काही चालत नाही. माझेच डोळे गेले असतील. माझ्या नावावर लिहून टाका, साहेब.”

मिलिमीटरनी खरंच वही उघडली. गप्प बसलं तर आपली अब्रू झाकलेली राहणार होती आणि त्या गरीब माणसाच्या शेवटच्या तीन वर्षांवर शेरा बसणार होता. बोललं तर सात पुरुषांसमोर बोलायचं. चार अर्जांत जे कुणाला कळलं नाही ते तोंडाने सांगायचं. त्यांना स्वतःचा, साहेबांचा, माळाचा, सगळ्यांचाच एकदम संताप आला आणि त्या उभ्या राहिल्या.

“यांचे डोळे ठीक आहेत. छत्री चालत होती,” त्या म्हणाल्या. “मला मासिक पाळी आली आहे. बायकांना येते ती. इथं बसायला आडोसा नाही, म्हणून मी छत्री घेऊन खळग्यात जात होते. सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या. आणि त्या डब्यात बिस्किटं नाहीत.”

सातही जणांनी एकाच वेळी डब्याकडे पाहिलं आणि एकाच वेळी मान फिरवली. वाटून खाण्यावर बोलणाऱ्याने चहा ठेवून दिला. बाई बसल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मिलिमीटरनी पेन्सिल उचलली. त्यांच्या मनात काय काय आलं असेल देव जाणे, पण चाळीस वर्षांच्या सवयीने तोंडातून जे आलं ते असं: “त्या दोन्ही जागा नेमक्या दाखवता येतील का?”

आणि त्या दाखवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात पुरुष, तीन दुर्बिणी, एक फीत आणि हातोडा अशी मिरवणूक नकाशेबाईंच्या मागून त्या खळग्याकडे निघाली. बाईंनी बोट दाखवलं, तिथं खुंटी ठोकली गेली. दुसरीकडे बोट दाखवलं, तिथंही ठोकली गेली. फीत लागली, अंतरं टिपली गेली, आणि वहीत नऊ-अ आणि नऊ-ब अशा दोन नव्या खुणा दाखल झाल्या. रेघा जुळल्या. चार दिवसांचं काम वाचलं, चष्मेवाले वाचले, शिबिर वाचलं. मिलिमीटरनी बाईंच्या स्मरणशक्तीचं मनापासून कौतुक केलं. कचेरीत परतल्यावर तो नकाशा बाईंनाच काढायचा होता, आणि पुढे त्यांनी तो काढला, दोन्ही ठिपक्यांसकट.

उरलेले तीन दिवस कुणी त्यांच्याशी वावगं वागलं नाही. खरं म्हणजे कुणी वागलंच नाही. सगळे पुरुष त्यांच्याशी बोलताना आकाशाकडे पाहत, आणि अतिसभ्यतेपायी उत्तर दिशेला दुर्बीण वळवायची बंदच झाली. त्या नकाशाची उत्तर बाजू जुन्या आकड्यांवरूनच भरावी लागली. स्वयंपाकी रोज सकाळी तंबूबाहेर गरम पाण्याची बादली ठेवून निघून जाई. पण चार काठ्या रोवून त्यांवर काहीतरी टाकावं, हे स्वयंपाकी धरून आठांपैकी एकालाही सुचलं नाही. ताडपत्री नव्हती असंही नाही. ती बटाट्यांवर होती.

दहाव्या दिवशी बाईंनी सलग दहा दिवस पुरे केले. परतल्यावर साहेबांनी अभिनंदन केलं आणि एक छापील कागद पुढे केला. त्यावर एकच प्रश्न होता: ‘शिबिरकाळात काही अडचण आली का? हो / नाही.’ खाली सहीची जागा. खुलाशासाठी ओळ नव्हती.

नकाशेबाई पेन धरून बसल्या. अडचण आली का? आली की, चौथ्या दिवशी, सकाळी सात दहाला. पण ‘हो’वर खूण केली तर साहेब म्हणणार, बघा, बायकांना झेपत नाही, आणि हे दार बंद. मागून येणाऱ्या सगळ्याजणी खिडकीशेजारच्या टेबलावर जन्म काढणार. ‘नाही’ म्हणावं तर एवढं सोसलं ते सोसलंच नाही असं होणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि साहेब घड्याळ बघतायत. बाईंनी मिलिमीटरना गाठून साक्ष काढावी असंही मनात आणलं, पण मिलिमीटर कचेरीतही अजून आकाशाकडेच पाहत होते. शेवटी बाईंनी ‘नाही’वर खूण केली आणि सही केली.

“शाबास,” साहेब म्हणाले. “आणि तुम्ही उगाच चार-चार अर्ज केलेत.”

बढती झाली. टेबल बदललं. सहा महिन्यांनी पुढच्या शिबिराची यादी लागली आणि तिच्यात कचेरीतल्या टंकलेखिका मुलीचं नाव होतं. चोवीस वर्षांची, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. तिने आडपडदा न ठेवता अर्ज टाइप केला. मला पाळी येते, तिथं आडोसा लागतो, दोन मीटर बाय दोन मीटरचा तंबू द्यावा, अमुक किमतीत अमुक दुकानात मिळतो, सोबत चित्र जोडलं आहे. गैरसमजाला तिने फट म्हणून ठेवली नव्हती. नकाशेबाईंनी तो अर्ज वाचून तिच्या पाठीवर थाप मारली होती.

आठवड्याने ती दोन कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. एकावर हेडक्लार्कचं वळणदार अक्षर होतं: ‘यापूर्वीच्या महिला कर्मचाऱ्यास कोणतीही अडचण आलेली नाही. सबब मागणी नामंजूर. पुरावा सोबत जोडला आहे.’ दुसरा कागद म्हणजे तो पुरावा.

“ताई, ही सही तुमचीच ना?” तिने विचारलं.

नकाशेबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, उगाचच उजेडात धरला. दार उघडं राहावं म्हणून केली गं मी ती सही, असं त्यांना सांगायचं होतं. पण दार उघडंच होतं, आणि ही मुलगी त्यातून सरळ त्या माळावर जाणार होती.

“माझीच,” त्या म्हणाल्या.

मुलीने दोन्ही कागदांची घडी घातली आणि काही न बोलता ती आपल्या टेबलाकडे गेली. ती चार शब्द तोडून बोलली असती तर नकाशेबाईंना जरा बरं वाटलं असतं.